आठ परस खाली कंदील जळत होता

साल दोन हजार चौदा, मे महिना. माझं वय तेव्हा अठ्ठावन्न. आधारकार्डाच्या हिशोबानं एकसष्ट, पण कार्ड काढणाऱ्याला घाई होती आणि मला यारी घेऊन पुढच्या गावाला जायचं होतं, म्हणून वाद घातला नाही. त्या महिन्यापर्यंत मी चाळीस वर्षं लोकांच्या विहिरींचा गाळ काढत होतो आणि माझ्या कामावर एकही माणूस विहिरीत मेला नव्हता. कुणी विचारलं नसलं तरी हे मी सांगायचो. एसटीत शेजारी बसलेल्यालाही सांगायचो.

शहरातल्या वाचकाला हे काम माहीत नसेल. विहीर दरवर्षी थोडी थोडी बुजते. काठाची माती ढासळते, पावसाचं गढूळ पाणी उतरतं, पाला कुजतो. पाच-सहा वर्षांत तळाला माणूस बुडेल एवढा गाळ साचतो आणि झऱ्यांची तोंडं बंद होतात. मग आम्हाला बोलावणं येतं. आधी पाणी उपसायचं. काठावर यारी उभी करायची, म्हणजे लोखंडी खांब, त्यावर चाक, चाकावरून तारेचा दोर आणि दोर ओढायला इंजिन. खाली उतरलेला माणूस बकेट भरतो, वरचा यारी चालवतो. वरचा मी. खालचा मल्लाप्पा.

मल्लाप्पा अक्कलकोटच्या अंगाचा. घरात कानडी, कामावर मराठी, रागाला आला की दोन्ही. बावीस वर्षं माझ्याबरोबर होता. मला 'मुकादम' म्हणायचा, ते मान म्हणून नव्हे, चिडवायला. कारण आमच्या टोळीत मोजून चार माणसं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. उतरताना विहिरीला म्हणायचा, "बर्तीनव्वा." म्हणजे येतो गं आई. मी म्हणायचो, "आधी माझ्या कंदिलाला विचार, मग आईला."

कंदिलाचं असं आहे. जमिनीच्या पोटात हवा बिघडते. आम्ही तिला वाफ म्हणतो. दिसत नाही. मी विशीत असताना मामाबरोबर बार्शीकडं कामाला होतो. तिथं एका घरी पेव उघडलं. पेव म्हणजे ज्वारी ठेवायचा जमिनीतला खड्डा. तोंड एका माणसापुरतं, पोट खोलीएवढं, वर दगड आणि चिखल. आतली ज्वारी महिनोन्‌महिने खड्ड्यातली चांगली हवा खात बसते. म्हणून पेव उघडलं की दिवसभर तसंच सोडायचं, मग उतरायचं. त्या घरी सोयरे यायचे होते, दळायचं होतं. बाप लगेच उतरला आणि पडला. बापासाठी थोरला उतरला. थोरल्यासाठी धाकटा. आम्ही पोचलो तेव्हा तिघे वर काढून ओळीनं ठेवले होते. ओठ निळे, नखं निळी. मामानं कंदील दोराला बांधून आत सोडला. कमरेइतका खाली गेला आणि कुणी फुंकर मारल्यासारखा विझला. मामा म्हणाला, "ह्यो इझला की माणूस इझतो. ह्यो जळतोय तवर माणूस जळतोय." त्या दिवसापासून मी कंदिलाचा झालो. पुढं बॅटऱ्या आल्या, मोबाईल आले, माझा कंदील सुटला नाही. उतरायच्या आधी कंदील, खाली माणसाशेजारी कंदील, आणि माणसाच्या कमरेला दोर. हे तीन नियम मोडणाऱ्याला मी कामावरून काढायचो, मग तो माझा मेव्हणा का असेना. एकदा मेव्हण्यालाच काढला. अजून तो दिवाळीला येत नाही.

गिऱ्हाईकंही एकेक भेटली. करमाळ्याकडच्या एका म्हातारीनं माझा कंदील बघून हाक दिली, "आरं, कोंबडी सोड की आत!" मी विचारलं, "कोंबडी कशाला, आजी?" तर म्हणते, "आमच्या सासऱ्यापासनं टोपलीत कोंबडी सोडतोत. तुझा कंदील श्वास घेतो का रं?" मल्लाप्पा हसून काठावरच बसला. मी म्हणालो, "आजी, कंदील अंडी देत न्हाय, पण खोटंबी बोलत न्हाय." म्हातारीनं ऐकलं नाही. कोंबडी खाली जाऊन वर आली, अंग झाडलं आणि पळाली. दुपारभर आम्ही त्या कोंबडीच्या नावानं हसत होतो.

आता मे महिन्याचं सांगतो.

वळसंगच्या पुढचं एक गाव. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून मला पाणी देतात. शिवानंद नावाच्या शेतकऱ्याची विहीर, आठ परस खोल. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस, तसे आठ. तळाला छातीभर पाणी. शेतीची लाईट त्या आठवड्यात दिवसा नव्हती, म्हणून शिवानंदनं इंजिनवरचा पंप आणला. पण काठावरून पंप पाणी ओढतो ते फार तर तीन-चार परसांवरनं. त्याच्या खालचं पाणी त्याच्यानं चढत नाही. मग काय करायचं, इंजिनच पाण्याजवळ न्यायचं. विहिरीत दीड-दोन परस पाण्याच्या वर एक खडकाची पायरी होती. माझ्याच यारीनं मी ते इंजिन खाली सोडलं आणि त्या पायरीवर बसवलं. सगळे असंच करतात. आजही करतात, म्हणून तर लिहायला बसलो.

मल्लाप्पा कानातली काडी काढून म्हणाला, "मुकादम, ह्ये आत ठिवलं तर धूर कुटं जाईल?"

"वर जाईल. धूर वरच जातो. चूल बघितली न्हाईस काय?"

"चुलीला धुराडं असतंय की."

"मग विहिरीला काय झाकण हाय?"

सगळे हसले. तोही हसला. त्याचं एवढंच बोलणं झालं, पण त्यानं विचारलं होतं.

इंजिन सकाळी दोन तास चाललं. पाणी घोट्यापर्यंत आलं तसं बंद केलं. आम्ही चहा घेतला. धूर दिसेनासा झाला. मी कंदील सोडला, अगदी तळापर्यंत. ज्योत सरळ. डावीकडं नाही, उजवीकडं नाही. मल्लाप्पानं दोर बांधला, गाठ मी ओढून बघितली. "बर्तीनव्वा," म्हणत तो उतरला.

आठ-दहा बकेटी वर आल्या असतील. खालून आवाज आला, "मुकादम, डोकं ठणकतंय."

मी वाकून बघितलं. कंदील त्याच्या शेजारी दगडावर होता.

"ऊन लागलं असंल. बस जरा दगडावर. हितल्यापरीस तितं गार हाय."

"वर घ्या की."

"आरं, शेजारचा कंदील बघ. झ्याक चाललंय त्याचं. बस, पाणी पी, मग बघू."

"बरं," म्हणाला आणि बसला.

मी बिडी पेटवली. बिडी संपली तेव्हा हाक मारली. तो दगडाला टेकून बसला होता, मान खाली. पुन्हा हाक मारली. मग मी यारीच्या इंजिनाकडं धावलो. दोर कमरेला होता म्हणून वर आला, नाहीतर येता ना. तेवढ्यात शिवानंद कडेच्या दगडी पायऱ्यांवरनं खाली निघाला, "मी आणतो, मी आणतो," करत. मी त्याला मागनं धरून आडवा पाडला आणि दुसऱ्या गड्याला त्याच्या छातीवर बसवलं. तो मला आईवरनं शिव्या घालत होता. पेव बघितलेल्या माणसाला हे माहीत असतं, की पहिल्याला काढायला गेलेलाच दुसरा असतो. त्या दिवशी दोन मेले नाहीत ते माझ्यामुळं. एक मेला तोही माझ्यामुळं, पण हे मला नऊ महिन्यांनी कळलं.

जीपमध्ये घालून नेताना वाटेतच गेला.

त्याला काठावर आडवा ठेवला तेव्हाच मला एक गोष्ट खटकली होती. पेवातली तिघं निळी होती. मल्लाप्पाचं तोंड लाल. गाल लाल, ओठ पान खाल्ल्यागत लाल. तो पान खात नव्हता. भोवती माणसं जमली होती. त्यातला एकजण म्हणाला, "तोंड बघा की. घिऊन उतरला व्हता वाटतं." दुसरा म्हणाला, "त्याबिगर असं हुतंय व्हय?" माझ्याकडं बघून तिसऱ्यानं विचारलं, "मुकादम, वाफ व्हती काय?"

मी म्हणालो, "कंदील जळत होता."

खरं तेच सांगितलं. पण त्या तीन शब्दांनी विहीर सुटली, मी सुटलो, आणि मल्लाप्पा दारुडा झाला. दवाखान्याच्या कागदावर 'गुदमरून' असं लिहिलं होतं. कागद कोण वाचतो? संध्याकाळपर्यंत आसपासच्या गावांत पिऊन मेला हेच झालं होतं.

पाचव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. बायको शांतव्वा उंबऱ्यात बसली होती. मला म्हणाली, "अण्णा, तुमी वर होता. तुमी सांगा. पिला होता काय?"

बावीस वर्षांत त्याच्या तोंडाला कधी वास आला नव्हता. तरी मी काय म्हणालो? "वैनी, मी काय बघितलं न्हाय. कंदील तर जळत होता." म्हणजे पुन्हा तेच. आतून त्याचा थोरला भाऊ सिद्धाप्पा आला. त्यानं मल्लाप्पाचा फोटो मोठा करून आणला होता, बापाच्या फोटोशेजारी लावायला. त्यानं माझं बोलणं ऐकलं, फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पेटीत टाकला. म्हणाला, "गळ्यात लिंग बांधून दारू पिणाऱ्याची जागा बापाशेजारी न्हाय." शांतव्वानं पेटीकडं बघितलं, माझ्याकडं नाही.

मी हट्टी माणूस आहे. मला स्वतःशीच चैन पडेना. प्याला नव्हता तर लाल का? वाफ नव्हती तर मेला का? अन् वाफ होती तर कंदील का जळला? हे तीन प्रश्न घेऊन मी फिरलो. सोलापुरात इंजिनच्या मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "काका, धूर म्हणजे धूर." आरोग्य केंद्रातल्या बाईंना विचारलं, त्यांच्यापुढं तापाची रांग होती. मग मी शिवानंदच्या हातापाया पडलो, तेच इंजिन त्याच पायरीवर दोन तास चालवलं, बंद केलं आणि कंदील सोडला. जळला. दुसऱ्या दिवशी दुसरा कंदील. जळला. तिसऱ्या दिवशी नवी वात, नवं रॉकेल. जळला. मी खूश होऊन घरी आलो. जेवायला बसलो आणि खूश कशानं झालो तेच कळेना.

माघात बार्शीजवळ एका मॅडमच्या घरची विहीर मिळाली. मॅडम कॉलेजात रसायन शिकवायच्या. शनिवारी स्कूटीवर आल्या, काठावर उभ्या राहिल्या आणि विचारू लागल्या.

"काका, दिवसाउजेडी कंदील कशाला?"

मी छाती फुगवून पेवापासून सगळं सांगितलं.

"छान," म्हणाल्या. "म्हणजे हवेतला प्राणवायू कमी झाला की विझतो. बरोबर. आणि आत इंजिन चाललं असेल तर?"

"तर काय? तरी विझलाच पायजे की."

"तेवढ्यानं विझत नाही."

मला राग आला. म्हणालो, "बाई, तुमी पुस्तकातलं सांगताय. मी चाळीस वर्षं..." आणि तिथंच थांबलो. मग यारीच्या पायाला टेकून मी त्यांना मे महिन्यातलं सांगितलं. इंजिन, पायरी, चहा, डोकं ठणकणं. तोंडाचं काही बोललो नाही. त्या ऐकत होत्या. मग हळूच विचारलं, "काका, त्यांचं तोंड लाल झालं होतं का?"

मी खाली बसलो.

त्यांनी मातीत काडीनं रेघा ओढून समजावलं. मला कळलं ते माझ्या भाषेत लिहितो. वाफ एकाच जातीची नसते. पेवातली वाफ दिवा विझवते. इंजिनाच्या धुरात दुसरी एक वाफ असते. तिला रंग नाही, वास नाही, धूर दिसेनासा झाला तरी ती खड्ड्यात बसून राहते. माणूस मारायला ती एवढीशी पुरते आणि एवढीशी असली तर दिव्याला तिचं काही वाटत नाही. ती थेट रक्ताला धरते. श्वासातली चांगली हवा रक्तात शिरायला जागाच ठेवत नाही. रक्त लालभडक होतं, म्हणून माणूस लाल दिसतो. आधी डोकं दुखतं, मग झोप आल्यासारखं होतं. डोकं दुखलं तेव्हाच वर घेतला असता तर बहुतेक वाचला असता.

"बहुतेक," मी म्हणालो.

"बहुतेक," त्या म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत.

मी विचारलं, "कोंबडी सोडली असती तर?"

त्यांनी चमकून बघितलं. "कोंबडी? ती माणसाच्या आधी पडली असती. तिला श्वास लागतो ना."

त्या म्हातारीचं गाव आठवत होतं, नाव आठवेना.

आता माझी टोळी मुलगा चालवतो. इंजिन काठाच्या आत जात नाही. दिवसा लाईट नसेल तर काम नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. खडक फोडायला आत सुरुंग उडवला असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी डोकावत नाही, त्याच्या धुरातही तीच वाफ असते. उतरायच्या आधी पंख्याला प्लॅस्टिकचा लांब पाईप जोडून तळाला अर्धा-पाऊण तास हवा सोडतो आणि माणूस आत असेपर्यंत पंखा चालूच. हवा तपासायचं एक छोटं यंत्र मिळतं, मॅडमनी दाखवलं, ते घेतलंय. कंदील पण सोडतो, पण त्याचं एकट्याचं ऐकत नाही. वरचा माणूस बिडीलाही हलत नाही. आणि खालचा नुसतं "कसंतरी होतंय" म्हणाला की विचारायचं नाही, बघायचं नाही, समजूत घालायची नाही. यारी चालू. वर आल्यावर काय ते बोल. मेव्हण्यालाही परत बोलावलाय, येईल तेव्हा येईल.

हे सगळं नंतर झालं. त्या शनिवारी मी काम अर्ध्यावर सोडून दुपारच्या गाडीनं घरी आलो. बायकोनं विचारलं, "आज लवकर?" मी तिला सांगितलं. तिला सांगताना पहिल्यांदा तोंडातून निघालं की, "त्यो वर घ्या म्हणला होता." हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ती भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, "मग हे मला सांगून काय उपेग? तिला सांगा की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीनं गेलो. ज्वारीची काढणी चालू होती. शांतव्वा रानात ताटं उपटत होती. मी बांधावर चपला काढल्या. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी सगळं सांगितलं. इंजिन मीच आत सोडलं ते सांगितलं, धुराचं त्यानं विचारलं होतं ते सांगितलं, मी हसण्यावारी नेलं ते सांगितलं, त्यानं वर घ्या म्हटलं तेही सांगितलं. लाल तोंड कशानं झालं ते मॅडमसारखं मातीत रेघा ओढून सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. पिला नव्हता ना?"

"न्हाय."

"नव्हताच. मला म्हाईत हाय की. माझ्या म्हाईत असून काय?" तिनं पदरानं तोंड पुसलं आणि गावाकडं हात केला. "भाऊजी हणमंताच्या देवळापुढं बसलेत. चार माणसं हायेत. तितं जाऊन सांगा. आन् कानडीत सांगा. मराठी बोललात की ते वाद घालतात."

"मला कुटं येतंय चांगलं कानडी?"

"बावीस वरसं त्यांच्यासंगं काय केलं मग?" असं म्हणून तिनं तिथंच उभ्या उभ्या मला दोन वाक्यं शिकवली. माझं तोंड वळेना. मी चुकलो की तिनं पुन्हा म्हणून घेतलं, शाळेतल्या बाईसारखं. तिसऱ्यांदा बरोबर आलं तेव्हा ती परत ताटं उपटायला वाकली. मला बस म्हणाली नाही, पाणी म्हणाली नाही.

देवळापुढं सिद्धाप्पा पारावर बसला होता. शेजारी पाच-सहाजण, त्यात विहिरीच्या काठावर 'तोंड बघा की' म्हणणारा तोही होता. सिद्धाप्पानं मला बघितलं, उठला नाही. "काय मुकादम, आता काय राहिलं?" म्हणाला.

मी उभाच राहिलो. जन्मात मी कुणापुढं माझं चुकलं म्हटलेलं नाही. बापापुढं नाही, बायकोपुढं नाही. मराठीत ते मला त्या दिवशीही जमलं नसतं.

"अव कुडदिद्दिल्ला," मी म्हणालो. तो प्याला नव्हता. आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पुढचं म्हणालो, "तप्प नंद ऐती." चूक माझी आहे.